कोंडिविट्याचं देऊळ कधी पडलं?

‘अंधेरीतलं झपाटलेलं चर्च’ नावाची एक चित्रफीत नातवाने परवा मला दाखवली. पडक्या भिंती, त्यात घुसलेली झाडांची मुळं आणि मागे कुणाचं तरी विव्हळणं. आमच्या वाडवडिलांचे बाप्तिस्मे आणि लग्नं जिथे झाली, तिथे आता लोकांना भूत हवंय. चीड आली, म्हणून हा मागोवा.

जुना इतिहास भराभर उरकतो. १५७९ साली पोर्तुगीज जेझुइटांनी अंधेरीतल्या कोंडिविट्यात सेंट जॉन द बाप्टिस्टचं देऊळ बांधलं. हो, आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. १५८८ मध्ये इथे सोळाशे जणांचा बाप्तिस्मा झाल्याचं सांगतात. १७३९ मध्ये आमचं साष्टी बेट मराठ्यांकडे गेलं, १७७४ मध्ये इंग्रजांकडे. सारा घेणारे बदलले, भात लावणारे आम्हीच राहिलो. १८४० मध्ये साथ आली आणि उरलेलं गाव मरोळला सरकलं. जाताना मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा नेलं. ते सगळं मरोळच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्टच्या देवळात लागलं.

म्हणजे १८४० मध्ये मोडलं ते घर, संसार नव्हे. देऊळ माणसांबरोबर मरोळला आलं आणि रिकाम्या भिंतींभोवती शेती चालूच राहिली. खरी पडझड मी डोळ्यांनी पाहिली, ती सत्तरच्या दशकात.

तेव्हा मी शाळकरी पोर. आवणीच्या दिवसांत लुगडं खोचून बाया चिखलात उतरायच्या, आम्ही बांधावरून भाकरी पोचवायचो. ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात जायच्या, फादर आशीर्वाद द्यायचे, मग कापणी. देवळाचं वर्ष पंचांगापेक्षा खाचरावर चालायचं.

मग औद्योगिक विकास महामंडळासाठी जमिनी गेल्या आणि १ मे १९७३ला इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचं ‘सीप्झ’ उभं राहिलं. नावातला ‘एस’ सांताक्रूझचा, जमीन अंधेरीची! शंभर एकरांहून मोठ्या त्या कुंपणात जुनं देऊळही गेलं. “पोरांना नोकऱ्या लागतील,” असं आमचेच पुढारी पारावर बसून सांगत होते. नोकऱ्या काहींना लागल्या, नाकारत नाही. पण मोबदल्याच्या कागदावर ज्याने त्याने आपापला अंगठा उठवला. देवळाकडे जायची वाट राखून ठेवा, एवढी एक ओळ कुणी मागितली नाही. त्या पैशाचं काय झालं, ते गावठाणातल्या भाऊबंदकीला विचारा. दशक संपेस्तोवर आवणीची गाणी म्हणणाऱ्या बाया घरात बसल्या होत्या आणि आगेऱ्याच्या लोंब्या बाहेरून आणायची पाळी आली होती.

पुढे हिरे-दागिने आले, सॉफ्टवेअर आलं, २०२४ मध्ये भुयारी मेट्रोही आली. त्यात माझं मन रमत नाही. आता देवळापाशी जायचं तर मे महिन्यातल्या एका रविवारची वाट पाहायची. त्या दिवशी फाटक उघडतं, बिनछपराच्या भिंतींत मिस्सा होतो. एरवी आत कामाला जाणाऱ्यालाच पास. कुंपण नसतं तर तिथे एव्हाना टॉवर उभा राहिला असता, असंही काही जण म्हणतात. खरं असेल. पण चोरापासून वाचवलं म्हणून घरच्यांनाच बाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय?

२०२९ मध्ये साडेचारशे वर्षं भरतील. आतापासूनच जीर्णोद्धाराच्या गप्पा सुरू आहेत: नवं छप्पर, रोषणाई, कोनशिलेवर देणगीदारांची नावं. मला यातलं काही नको. भिंती कोसळू नयेत एवढी डागडुजी करा आणि फाटक दर रविवारी उघडा. ही मागणी सरकारदरबारी न्यायची तर आधी सगळ्या गावठाणाने एका कागदावर सह्या करायला हव्यात. सत्तरच्या दशकात नेमकं तेवढंच आम्हाला जमलं नव्हतं.