दूरच्या प्रवाळांकडे जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाऊन आलेली माणसं आता बऱ्याच मराठी घरांत असतात. त्यातली काही पुढे अंदमानला जातात, मालदीवला जातात, आणि कधीतरी फिलिपिन्समधल्या तुब्बाताहाचं नाव त्यांच्या कानावर पडतं. पालावान बेटावरच्या प्वेर्तो प्रिन्सेसा शहरापासून सुमारे 150 किलोमीटर आग्नेयेला, सुलू समुद्राच्या मध्यावर हे प्रवाळ आहेत. तिथे हॉटेल नाही, वस्ती नाही. बंदरातून निघालेली बोट रात्रभर चालते, दहा-बारा तासांनी पोचते, आणि पुढचे काही दिवस जेवणखाण, झोप, पाण्यात उतरणं सगळं त्या बोटीवरूनच होतं. आपल्या कल्पना मात्र किनाऱ्यालगतच्या अनुभवावर बेतलेल्या असतात. इतक्या लांब गेल्यावर त्या जिवावर बेतू शकतात, म्हणून त्या निघण्याआधीच तपासायला हव्यात.

‘तारकर्लीला केलंय, म्हणजे डायव्हिंग येतं’

तारकर्लीला होते ती तोंडओळख. किती खोल जायचं, कधी वर यायचं, हे शिक्षक ठरवतो आणि तोच आपल्याला धरून असतो. म्हणून पोहता न येणाराही जाऊन येतो. तुब्बाताहात प्रवाळाच्या भिंती सरळ खोल पाण्यात उतरतात आणि प्रवाहाला जोर असतो. त्या प्रवाहात आपली खोली आपणच सांभाळायची असते. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या प्रमाणपत्रासाठी साधारण 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं यावं लागतं, आणि ते मिळाल्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. त्यापुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्राची मर्यादा 30 मीटर. असे अभ्यासक्रम तारकर्लीतच एमटीडीसीच्या संस्थेतही चालतात. आधी शिकावं, जवळच्या समुद्रात हात बसू द्यावा आणि मगच लांबची बोट धरावी, असं मी आग्रहाने सांगेन.

‘पाठीवर ऑक्सिजनची टाकी असते’

टाकीत असते ती गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबाने भरलेली साधी हवा. त्यात ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कुणी 6 मीटरपेक्षा फार खाली गेला तर त्याला झटके येऊ शकतात. लांबच्या बोटींवर नायट्रॉक्स नावाचं मिश्रण मिळतं. त्यात ऑक्सिजन बहुधा 32 टक्के असतो. ते घेतलं की जास्त खोल जाता येतं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर नायट्रोजन कमी असल्यामुळे त्याच खोलीवर जास्त वेळ राहता येतं, पण ऑक्सिजन जास्त असल्यामुळे खोलीची मर्यादा साध्या हवेपेक्षा अलीकडेच, 33 मीटरच्या आसपास येऊन थांबते.

‘भीती खोलीची आणि शार्कची’

डायव्हिंगमधले गंभीर अपघात बऱ्याचदा वर येताना होतात. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर श्वास घेतला, तो रोखला आणि तसंच वर आलं, तर फुफ्फुसातली हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे वर यायचं ते सावकाश, मिनिटाला 9 मीटरच्या आसपास, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून.

बोटीवर दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात. प्रत्येक वेळी थोडा नायट्रोजन अंगात उरतो आणि दिवसागणिक साठत जातो. अशा बुडबुड्यांवर उपचार करणारा दाबकक्ष इथून निदान एका रात्रीच्या प्रवासावर असतो. म्हणून दूरच्या समुद्रात अनुभवी माणसंसुद्धा मर्यादेच्या बरीच अलीकडे थांबतात. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जावे लागतात, तेव्हा परतीचं तिकीट हा हिशोब करूनच काढायचं.

शार्क तुब्बाताहात रोज दिसतात, बहुतेक पांढऱ्या टोकाच्या परांचे आणि राखाडी. माणसाने न डिवचता त्यांच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं जातात. उलट माणूस वर्षाला सुमारे 10 कोटी शार्क मारतो, असा 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. कोकणात जिला मुशी किंवा मोरी म्हणतात, तीही याच कुळातली. प्रवाहात बोटीपासून लांब वाहत जाणं हा जास्त खरा धोका आहे, आणि त्यासाठी पाण्यावर उभा राहणारा रंगीत फुगा प्रत्येकाजवळ हवाच.

‘दूर आहे म्हणून शाबूत आहे’

मला सगळ्यात जास्त सलणारा गैरसमज हा. 1980च्या दशकात सुरुंग आणि सायनाइड वापरून मासे पकडणारे इथेही पोचले होते. अंतराने त्यांना अडवलं नाही. 1988 साली हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, 1993 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. आज त्याचं क्षेत्र 970 चौरस किलोमीटर आहे. वाळूच्या एका पट्ट्यावरच्या ठाण्यात रेंजर आळीपाळीने दोन-तीन महिने राहतात. हे प्रवाळ टिकले आहेत ते त्यांच्या पहाऱ्यामुळे. पर्यटकांच्या प्रवेशशुल्कातून या कामाला पैसा मिळतो, म्हणून ‘डायव्हर गेले की प्रवाळ संपले’ हेही सरसकट खरं नाही. नांगर टाकायचा नाही, ठरलेल्या तरंगत्या बोयालाच बोट बांधायची, कशालाही हात लावायचा नाही, एवढं पाळलं तर त्यांचं जाणं उपकारकच ठरतं.

तरीही 2013च्या जानेवारीत अमेरिकन नौदलाचं ‘गार्डियन’ हे जहाज इथे चढलं. त्यावरच्या डिजिटल नकाशात हे प्रवाळ काही सागरी मैल सरकलेल्या जागी दाखवले होते. ओढून काढलं असतं तर नुकसान वाढलं असतं, म्हणून ते जागेवरच कापून नेलं. 2,300 चौरस मीटरपेक्षा जास्त प्रवाळांचा चुराडा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक चिनी मासेमारी जहाज येऊन आदळलं. त्यात खवले मांजरांचं मांस भरलेलं होतं.

आपल्याकडेही विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडीत उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर असल्यामुळे तिथे असं पहाऱ्याचं ठाणं उभारायलाही जमीन नाही.

‘पांढरं पडलं म्हणजे मेलं’

प्रवाळ हा दगडही नाही आणि वनस्पतीही. चुन्याच्या घरट्यांत राहणारे ते बारीक प्राणी आहेत. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरे दिसतात. तेव्हा ते उपाशी असतात, मेलेले नसतात. पाणी लवकर निवलं तर सावरतात. 1998पासून जगभर पसरलेल्या अशा चार लाटा नोंदल्या गेल्या, चौथी 2024च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. ही उष्णता कुठल्याही रेंजरला अडवता येत नाही.

‘पैसे असले की केव्हाही जाता येतं’

हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या त्या काळात समुद्र निवांत असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणाला हे वेगळं सांगायला नको.

‘धोका पाण्यात, बोटीवर निर्धास्त’

2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंगच्या बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेली 34 माणसं गेली. रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. म्हणून बोट ठरवताना जेवणाच्या यादीआधी हे विचारा: रात्री जागं कोण असतं? झोपायच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट कुठली? कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात आणि तिथे लक्ष कोण ठेवतं? उपचारासाठीचा ऑक्सिजन बोटीवर किती आहे, आणि एखाद्याला बरं नसलं तर त्याला किनाऱ्यावर कसं नेणार? उत्तरं द्यायला जो मालक कंटाळतो, त्याची बोट घेऊ नका.