‘मे हॅव टु बी’ नेमकं काय सांगतं?

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं की सहीसाठी जो फॉर्म पुढे येतो, त्यात बहुतेक वेळा या अर्थाचं एक वाक्य असतं: ‘द प्रोसीजर मे हॅव टु बी कन्व्हर्टेड टु ओपन सर्जरी.’ चांगलं इंग्रजी येणारी माणसंही इथे अडखळतात. कुणाला वाटतं, डॉक्टर पोट उघडायची परवानगी मागताहेत. कुणी धसका घेतं, की आता पोट उघडणारच. वाक्यात या दोन्ही गोष्टी नाहीत.

‘मे’ म्हणजे परवानगी, हा समज शाळेतल्या ‘मे आय कम इन’पासून डोक्यात बसलेला असतो. इथे ‘मे’ फक्त शक्यता सांगतो. गरज सांगतो तो ‘हॅव टु’, आणि ‘बी कन्व्हर्टेड’ हे कर्मणी रूप. तिन्ही जोडून अर्थ होतो: कदाचित पोट उघडून ऑपरेशन करावं लागेल. गरज पडेलच असं नाही, पण पडू शकते.

मग गरजेसाठी ‘मस्ट’ का नको? प्रमाण इंग्रजीत ‘मे’ आणि ‘मस्ट’ लागोपाठ येत नाहीत. ‘मे’नंतर क्रियापदाचं मूळ रूप लागतं आणि ‘मस्ट’ला तसं रूपच नाही, ‘टु मस्ट’ कुणी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात बोलताना ‘माइट कुड’सारखी जोडी ऐकू येते, पण लेखी इंग्रजीत ती चालत नाही. मूळ रूपाच्या याच नियमाने कर्ता एकवचनी असला तरी ‘मे हॅज टु’ चूकच.

आणखी एक घोटाळा कर्मणी रूपाचा. ‘द ट्री मे हॅव टु बी कट डाउन’ यात झाडावर कसलीच सक्ती नाही. ती तोडणाऱ्यावर आहे आणि तो वाक्यात नाही. मराठीतही आपण ‘झाड कदाचित तोडावं लागेल’ असंच म्हणतो. ‘तोडलं जावं लागेल’ हे भाषांतर कानाला खटकतं, ते उगाच नाही.

रस्त्याबद्दल ‘मे हॅव बीन क्लोज्ड’ आणि ‘मे हॅव टु बी क्लोज्ड’ सारखेच वाटतात, पण पहिल्यात रस्ता बंद केला असेल, दुसऱ्यात तो कदाचित बंद करावा लागेल. ‘बंद करावा लागला असेल’ म्हणायचं तर ‘मे हॅव हॅड टु बी क्लोज्ड’.

सर्वांत घातक गफलत नकारात होते. ‘द स्टिचेस मे नॉट हॅव टु बी रिमूव्हड’ म्हणजे टाके कदाचित काढावे लागणार नाहीत. विरघळणारे टाके असतील तर असं लिहितात. ‘मस्ट नॉट बी रिमूव्हड’ म्हणजे टाके काढताच कामा नयेत. एकात गरज नसण्याची शक्यता आहे, दुसऱ्यात सक्त मनाई. घरी गेलेल्या पेशंटसाठी हा फरक व्याकरणापुरता राहत नाही.

म्हणून सहीआधी ‘मे हॅव टु बी’ दिसलं, तर ही वेळ कधी येते, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पित्ताशयाला फार सूज असणं, आतले भाग एकमेकांना चिकटलेले असणं, रक्तस्राव न थांबणं, आतली रचना स्पष्ट न दिसणं ही पोट उघडावं लागण्याची नेहमीची कारणं आहेत.