पाच सूत बाहेर गेलेली भिंत



२०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा एडिसनला यायचे ठरले तेव्हा बायकोने एकच अट घातली, "ते यायच्या आत शॉवरला काचेचं दार बसलं पाहिजे." त्यामागे इतिहास आहे. आपल्याकडे न्हाणीघराची सगळी जमीनच मोरीकडे उतरती असते, तांब्याने कुठेही पाणी ओता, वाहून जातं. इथे शॉवरच्या उंबरठ्याबाहेर पाण्याला वाटच नाही. सांडलेलं पाणी टाइलच्या कडेने खालच्या प्लायवुडमधे मुरतं नि महिन्याभराने स्वयंपाकघराच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग उमटतो. आधीच्या खेपेला पडदा होता. बाबांना तो अंगाला चिकटलेला आवडत नसे, म्हणून ते तो सरळ बाजूला सारून आंघोळ करत. त्या डागापायी छताचा तुकडा कापून बदलायला सातशे डॉलर गेले होते. बाबांना आम्ही हे सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं.

एका काचवाल्याने जागा न बघताच फोनवर अठराशे डॉलर सांगितले. मी म्हटलं, आपण मेकॅनिकलवाले, पोटासाठी जावा लिहितो एवढंच. चारशेला तयार दाराचा संच मिळतो. खोक्यावर लिहिलं होतं की ३४ ते ३६ इंचाच्या जागेत बसतं. मी छातीच्या उंचीवर टेप लावली, ३५ ५/८ इंच भरलं. झालं मोजून!

एका शनिवारी मित्राला बोलावून दार लावलं. पाव इंच जाडीची काच, वजन जवळपास ५० पौंड, म्हणजे २३ किलो. एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. उजवीकडची पट्टी भिंतीला चिकटवून ठोकली, तिच्यावर बिजागरी. दार बसलं तर खरं, पण बंद केलं की हात सोडताच हळूच आपोआप उघडायचं. डावीकडे वरती फट, नि खाली काचेचा कोपरा अल्युमिनियमच्या चौकटीला घासायचा. मी मॅग्नेटचा जुगाड केला आणि म्हटलं, वापरता वापरता रुळेल.

बाबा आले. ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर येत म्हणाले, "अरे, ते दार मागनं उघडतंय आपोआप. आणि खाली किर्र वाजतंय. ओळंबा आहे का घरात?"

घरात दोन लॅपटॉप, तीन फोन, पण ओळंबा कुठला असणार? शेवटी आईच्या शिवणाच्या दोऱ्याला एक मोठा नट बांधला. बाबांनी तो वरून सोडला, डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली नि दोन्ही भिंती तपासल्या. "उजवी भिंत वरती पाच सूत बाहेर गेलीय. डावी एक सूत. तू कुठे मापलंस?"

"मधे."

"मधेच?"

(विसरला असाल तर, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्या गवंड्या-सुतारांचं माप अमेरिकन टेपवर चपखल बसतं, हे मला तेव्हा कळलं.)

मग तीन ठिकाणी मोजलं. खाली ३५ १/४, मधे ३५ ५/८, वर ३६. सहा फुटांत सहा सुतांचा फरक. लाकडी सांगाड्याच्या घरात हे नवल नाही. लाकूड वाळतं, आकसतं, घर थोडं बसतं, त्यात कोणीतरी मधल्या काळात टाइल बदललेली. संचाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की भिंत तिरपी असली तर प्रत्येक बाजूची पट्टी तीन सुतांपर्यंत सांभाळून घेईल. मी ते वाचलं होतं. माझी भिंत तशी नाही असं गृहीत धरलं होतं.

दार का उघडत होतं ते सोपं आहे. बिजागरीचा अक्ष वरती उजवीकडे कललेला, त्यामुळे दार बंद असताना त्याची मोकळी कड जरा वर उचललेली. वजन खाली यायला बघणार, म्हणजे दार उघडणार. गावाकडच्या वाकलेल्या खांबावरचं फाटक असंच वागतं.

त्यापेक्षा कोपऱ्याचं प्रकरण गंभीर होतं. ही काच सहाशेच्या वर सेल्सियसला तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. पृष्ठभाग दाबात, पोट ताणात. सपाट भागावर बुक्की मारा, काही होत नाही. कड किंवा कोपरा धातूवर, टाइलवर दुखावला की आतला ताण मोकळा होतो आणि अख्खं दार क्षणात खड्यांसारखं खाली येतं. तुकडे बोथट असतात, म्हणून तर इथे १९७७ पासून शॉवरच्या दाराला सुरक्षित काच सक्तीची आहे. पण सत्तरीचा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असताना ते बोथट तुकडे पायाखाली येणं म्हणजे काय, ते मला रात्री झोपताना डोळ्यासमोर यायला लागलं. आणि ही काच नंतर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही. चूक भिंतीत असली तरी काचेला हात लावायचा नाही.

पुढच्या शनिवारी सगळं उतरवलं. काच पुठ्ठ्यावर उभी केली, टाइलवर टेकवायची नाही. संच उलटासुलटा लावता येत होता, म्हणून बिजागरी डाव्या, जवळपास सरळ भिंतीवर नेली आणि भिंतीकडे न बघता ओळंब्यात बसवली. एक सुताचा फरक पट्टीने खाल्ला. उजवीकडे पट्टीने तीन सूत घेतले, उरले दोन. त्यासाठी पीव्हीसीच्या फळीची वर दोन सूत जाड, खाली निमुळती होत शून्य अशी पाचर घासून काढली आणि लांब स्क्रूने पट्टीबरोबर आवळली. लाकडाची पाचर कुजेल, ती नको. टाइलला भोक पाडताना चिकटपट्टी लावून हिऱ्याच्या बिटने सावकाश, हातोडीचा मोड बंद. आधीची भोकं सिलिकॉनने बुजवली. सिलिकॉनची धार फक्त बाहेरून दिली, आतून नाही. चौकटीत शिरलेलं पाणी आत परत जाऊ दे. मग चोवीस तास आंघोळ बंद. शेजाऱ्यांकडे जायची पाळी आली, ते वेगळं.

या उलथापालथीत टॉवेलचा दांडा दाराच्या वाटेत आला. तो काढताना लक्षात आलं की बाबा बाहेर येताना त्यालाच धरतात, आणि तो नुसता ड्रायवॉलमधे अडकवलेला! आता तिथे आधाराचा दांडा आहे, मागच्या लाकडी खांबांत पक्का केलेला. इथल्या सार्वजनिक जागांच्या नियमात असा दांडा २५० पौंडांचा जोर सहन करणारा लागतो, घराला तो लागू नाही, पण मी तेच माप धरलं. दाराची मूठ धरू नका, असं बाबांना तीनदा सांगितलं.

दार आता जिथे सोडाल तिथे उभं राहतं. बाबांनी ते अर्धं उघडं ठेवून दोन मिनिटं बघितलं, मग काही न बोलता दोऱ्याचा नट सोडून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आत बादली नि तांब्या ठेवून आंघोळ केली. छत कोरडं आहे.