तान्ह्या मुलांच्या विषाणूची त्वरित तपासणी

तान्ह्या मुलांच्या श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखांना सूज आणून त्यांना धाप लावणारा रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, अर्थात आरएसव्ही, १९५६ साली अमेरिकेत प्रथम सापडला तो सर्दीने पीडित चिंपांझींमध्ये. पुढे रॉबर्ट चॅनॉक यांनी तोच आजारी बालकांतही असल्याचे दाखविले. त्या काळी त्याची खातरजमा करावयाची, तर प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर तो वाढेपर्यंत कित्येक दिवस वाट पाहणे प्राप्त असे. आज नाकात खोलवर फिरविलेली कापसाची काडी द्रावणात घुसळून त्याचे काही थेंब चाचणीपट्टीवर सोडले, की विषाणूची प्रथिने तेथील प्रतिपिंडांना चिकटतात आणि सुमारे १५ मिनिटांत नियंत्रणरेषेशेजारी दुसरी रंगीत रेषा उमटते. प्रौढांच्या मानाने अर्भकांच्या नाकात विषाणू विपुल असल्याने ही पट्टी त्यांच्या बाबतीत अधिक भरवशाची ठरते. तथापि १०० बाधित बालकांपैकी सुमारे २० तिच्याकडून निसटतात, म्हणून संशय बळकट असल्यास पीसीआर चाचणीचा निर्वाळा घेणे इष्ट.

निदानाने उपचार फारसे पालटत नाहीत, हे खरे. परंतु विषाणूंपुढे निरुपयोगी असलेली प्रतिजैविके टाळता येतात आणि दाखल बालकाला इतरांपासून वेगळे ठेवण्याची तजवीज वेळीच होते, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. दोन महिन्यांच्या आतील मूल मिनिटाला ६० वा अधिक श्वास घेत असेल, श्वासागणिक त्याची छाती आत ओढली जात असेल किंवा ते अंगावर पिईनासे झाले असेल, तर पट्टीवर काहीही उमटो, त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.