तीस पौंडांच्या मोफत पैजेची खरी किंमत
(लेखमाला : आकड्यांच्या मुळाशी, भाग ९)

मागच्या भागात भावातून शक्यता कशी काढायची ते आपण पाहिलं. एक भागिले भाव. दोनचा भाव म्हणजे ५० टक्के, चारचा भाव म्हणजे २५ टक्के. आज तेच सूत्र हाती घेऊन ब्रिटनमधल्या बुकमेकरांच्या जाहिरातींकडे वळू. ब्रिटन निवडायचं कारण असं, की तिथे पैजेची दुकानं १ मे १९६१ पासून कायदेशीर आहेत. ऑफरच्या अटी छापून द्याव्या लागतात, धंद्यावर जुगार आयोगाची देखरेख असते, त्यामुळे हिशेबाला लागणारं बरंचसं सामान उघड्यावर मिळतं. शिवाय लंडन, लेस्टर, मँचेस्टरला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींपुढे या जाहिराती सतत येत असतात. फुटबॉलच्या जर्सीवर, मैदानाकडेच्या फलकांवर, मोबाइलवर. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी आजचा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा अशी माझी इच्छा आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी ऑफर घेऊ. ‘१० पौंड लावा, ३० पौंडांच्या मोफत पैजा मिळवा.’ वाचणाऱ्याच्या मनात लगेच २० पौंडांचा नफा उभा राहतो. तो आकडा कुठून आला आणि टिकतो का, ते पाहू.

आधी बुकमेकरचा वाटा काढायला हवा, कारण तो कुठेही लिहिलेला नसतो. समजा एका फुटबॉल सामन्यात यजमान संघाचा भाव २.१०, बरोबरीचा ३.४० आणि पाहुण्यांचा ३.५० आहे. सूत्र लावा : ४७.६ टक्के, २९.४ टक्के, २८.६ टक्के. बेरीज १०५.६. सामन्याचा निकाल या तिघांपैकी एकच लागणार, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज १०० पेक्षा जास्त होऊच शकत नाही. वरचे ५.६ हा बुकमेकरने भाव थोडे थोडे कापून काढलेला वाटा. १०५.६ मधले ५.६, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर पौंडांमागे सरासरी ५.३ पौंड त्याचे. तुम्ही कोणत्या संघावर लावता याने त्याला फारसा फरक पडत नाही.

तेव्हा ऑफरची पहिली पायरी, स्वतःचे १० पौंड लावणं, हीसुद्धा फुकट नाही. तिची सरासरी किंमत ५३ पेन्स. ही रक्कम किरकोळ आहे, पण वहीत तिची नोंद झाली पाहिजे.

आता अटी. अशा ऑफरखाली साधारण जे लिहिलेलं असतं ते असं : मोफत पैज तीन भागांत, दहा-दहा पौंडांची, मुदत सात दिवस, पहिली पैज ठरावीक किमान भावाच्या वरची हवी, पैसे डेबिट कार्डानेच भरायचे, आणि शेवटी एक वाक्य, की जिंकल्यास मोफत पैजेची मुद्दल परत मिळणार नाही. साऱ्या ऑफरची मेख या शेवटच्या वाक्यात आहे.

साध्या पैजेत २.१० च्या भावाला १० पौंड लावले आणि जिंकलात, तर २१ पौंड हातात येतात : १० तुमचे, ११ नफ्याचे. मोफत पैजेत फक्त ११. यजमान संघ जिंकण्याची शक्यता, बुकमेकरचा वाटा वजा करून, ४५ टक्के धरू. ११ चे ४५ टक्के म्हणजे जेमतेम ५ पौंड. अशा तीन पैजा, म्हणजे १५ पौंड. जाहिरातीतले ३० इथेच निम्मे झाले.

आणि हे १५ सुद्धा पक्के नाहीत, कारण मोफत पैज तुम्ही कुठे लावता यावर तिची किंमत बदलते. पुष्कळ जण ती वाया जाऊ नये म्हणून भरवशाच्या संघावर लावतात. समजा भाव १.४०. जिंकण्याची शक्यता ६८ टक्क्यांच्या आसपास, पण जिंकल्यावर मिळणार फक्त ४ पौंड. एका पैजेची किंमत २ पौंड ७० पेन्स, तिन्हींची ८ पौंड. उलट ३.५० च्या भावाला त्याच तीन पैजा लावल्या तर शक्यता २७ टक्के, जिंकल्यास २५ पौंड, म्हणजे तिन्हींची सरासरी किंमत २० पौंड. एकच ऑफर, ती घेणारी दोन माणसं, आणि एकाच्या हाती ८, दुसऱ्याच्या हाती २०. कारण साधं आहे. कमी भावाच्या पैजेत परत येणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा आपली मुद्दलच असते, आणि मोफत पैजेत नेमकी तीच गायब आहे. सावधपणा इथे महागात पडतो.

मग वीस-तीसच्या भावालाच लावावी का? नाही. भाव जसा चढतो तसा बुकमेकरचा वाटाही बहुधा वाढतो. जास्त भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात हे रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकी शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवलं, आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत तेच दिसलं. चार ते सहाच्या दरम्यानचा भाव मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. पण सरासरी २० म्हणजे खिशात २० नव्हेत. २७ टक्क्यांच्या तीन पैजा सलग हरण्याची शक्यता जवळपास ३९ टक्के आहे. दर पाचांतले दोघं या ऑफरमधून रिकाम्या हाती उठतील.

अटीत ‘मोफत पैज फक्त एकत्रित पैजेवर वापरता येईल’ असं असेल तर किंमत आणखी घसरते. चार सामन्यांचे निकाल एकत्र बांधले की चार भावांचा गुणाकार होतो आणि त्याबरोबर चार वेळा कापलेल्या वाट्याचाही. १.०५६ चा चार वेळा गुणाकार १.२४. म्हणजे शंभरातले ५.३ नव्हे, जवळपास २० पौंड बुकमेकरचे. अशा पैजांच्या जाहिराती जास्त का दिसतात याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

दुसरा मोठा प्रकार उलाढालीच्या अटीचा. ‘५० पौंड बोनस’ मिळतो, पण तो काढून घेण्याआधी त्याच्या अमुक पट रकमेच्या पैजा लावाव्या लागतात. ३५ पट असेल तर १,७५० पौंड. त्यावर ५.३ टक्के वाटा म्हणजे ९३ पौंड. पन्नास मिळवण्यासाठी सरासरी त्र्याण्णवची वाट. अर्ध्या रस्त्यातच बोनस संपतो आणि पुढचं चालणं स्वतःच्या पैशाने. मला विचाराल तर ही ऑफर नव्हेच, तो सापळा आहे. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२५ मध्ये ही अट १० पटींवर आणण्याचा आणि क्रीडा पैज व कॅसिनो एकाच ऑफरमध्ये मिसळण्यावर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. दहा पटीला हिशेब असा : ५०० पौंडांच्या पैजा, २६ पौंड ५० पेन्स वाटा, बोनसमधले उरले साडेतेवीस. त्याआधी, २०१८ मध्ये, तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या कारवाईनंतर लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या कंपन्यांनी अटी बदलायचं मान्य केलं होतं. खेळाडूला स्वतःचेच भरलेले पैसे काढण्याआधी वारंवार खेळायला लावू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा. स्वतःचे पैसे परत घेण्यासाठी माणसाला सरकारी यंत्रणेची मदत लागावी, इतक्या थराला गोष्टी गेल्या होत्या, हे विसरू नये.

‘वाढीव भाव’ या प्रकाराबद्दल थोडक्यात. तीनचा भाव साडेतीन केला असं सांगतात आणि जास्तीत जास्त १० पौंड लावू देतात. आधी किंमत चढवून मग सूट देणाऱ्या सेलसारखंच इथेही बघावं लागतं : मूळचा तीनचा भाव रास्त होता का? दुसऱ्या चार बुकमेकरांकडे तोच निकाल काय भावाला आहे ते पाहा. खरी शक्यता ३० टक्के असेल तर साडेतीनच्या भावाला तुमची बाजू ५ टक्क्यांनी जड, म्हणजे १० पौंडांवर ५० पेन्स. चार गोष्टी बांधून केलेल्या पैजेचा भाव पाचावरून सहा केला आणि रास्त भाव सात असेल, तर वाढवूनही तुम्ही तोट्यातच.

घोड्यांच्या शर्यतींतल्या एका ऑफरची मात्र मी मनापासून दखल घेतो, कारण तिच्यात कधीकधी खरंच दम असतो. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर दर एप्रिलला ग्रँड नॅशनल होते. २०२४ पासून तीत जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात, आधी ४० धावत. या शर्यतीत लोक ‘ईच-वे’ लावतात. तिच्यात दोन पैजा असतात, एक घोडा पहिला येण्यावर, दुसरी तो वरच्या काही क्रमांकांत येण्यावर. ५ पौंड ईच-वे म्हणजे खिशातून १० जातात. नवख्या माणसाला हे पैसे गेल्यावर कळतं. अशा मोठ्या हँडिकॅप शर्यतीत (जिथे ताकदवान घोड्यांवर जास्त वजन लादतात) रिवाज असा, की पहिल्या चार क्रमांकांना भावाच्या पावपट पैसे. ग्रँड नॅशनलला बुकमेकर चाराऐवजी पाच, सहा, प्रसंगी त्याहूनही जास्त क्रमांक देऊ करतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘सहा क्रमांक’ असतं. पावपट एक-पंचमांश झालेलं बारीक टाइपात.

वीसास एक भावाचा, म्हणजे एका पौंडावर वीस पौंड नफा देणारा घोडा घ्या. पावपट असताना दुसऱ्या पैजेतल्या ५ पौंडांवर नफा २५, एक-पंचमांश असताना २०. मुद्दल धरून ३० चे २५ झाले. बदल्यात चाराऐवजी सहा क्रमांक. सगळे घोडे सारख्या ताकदीचे मानले तर जागा मिळण्याची शक्यता ३४ पैकी ४ वरून ३४ पैकी ६, म्हणजे दीडपट. रक्कम सहाव्या हिश्शाने कमी, शक्यता दीडपट. सौदा तुमच्या बाजूला झुकला. प्रत्यक्षात घोडे सारखे नसतात आणि पहिल्या पैजेतला बुकमेकरचा वाटा तसाच राहतो, त्यामुळे झुकाव या हिशेबाइतका मोठा नसतो. तरी दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून पाहण्याची सवय लागावी म्हणून हे उदाहरण मुद्दाम सविस्तर दिलं.

इतकं गणित करणारे लोक ब्रिटनमध्ये आहेत. २००० मध्ये बेटफेअर हा पैजांचा बाजार सुरू झाला, तिथे एखाद्या निकालाच्या विरुद्धही पैज लावता येते. बुकमेकरची मोफत पैज एका बाजूला आणि तिथली उलटी पैज दुसऱ्या बाजूला लावून काही जण निकाल कोणताही लागो, ३० पौंडांतले बावीस-चोवीस काढून घेतात. पण त्यासाठी शंभराहून जास्त पौंड अडकवून ठेवावे लागतात, एका आकड्याची चूक झाली तर ते जातात, आणि फक्त ऑफर उचलणारं खातं बुकमेकरच्या लवकर लक्षात येतं. मग ऑफर बंद होतात, अगदी लहान रक्कमच लावता येईल अशी मर्यादा येते. हिशेबी गिऱ्हाईक त्याला नकोच असतं. त्याला हवं असलेलं गिऱ्हाईक कोण, हे पुढच्या आकड्यांत दिसेल.

समजा नव्या गिऱ्हाइकाला ऑफरमधून उत्तम वापर करून २० पौंड मिळाले. तो तिथेच राहिला आणि दर आठवड्याला २० पौंड साध्या पैजांवर लावू लागला. आठवड्याला सरासरी १ पौंड ६ पेन्स जातात. एकोणिसाव्या आठवड्यात बुकमेकरचे वीस वसूल. तोच चार-चार सामन्यांच्या एकत्रित पैजा लावत असेल तर आठवड्याला जवळपास ४ पौंड, म्हणजे पाच आठवडे पुरे. वर्षाअखेर त्याचे दोनशेच्या आसपास पौंड गेलेले असतात. आवळा देऊन कोहळा काढणं याहून वेगळं काय असतं? ऑफर चांगली की वाईट हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. उरलेला अर्धा : ऑफर संपल्यावर मी खातं बंद करणार आहे का? या प्रश्नाला ठाम ‘हो’ म्हणता येत नसेल, तर मी ऑफरची किंमत उणे धरतो, वर छापलेला आकडा कितीही असो.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी हिशेब फार छोटा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी घातली. आयपीएलच्या दिवसांत मोबाइलवर येणारे ‘पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस’ सारखे संदेश परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साइटींचे असतात. तिथे अट तपासायला आयोग नाही, जिंकलेले पैसे अडवले तर दाद मागायला जागा नाही. भाव कितीही चांगला दिसो, पैसे मिळण्याचीच खात्री नसेल तर गुणाकार शून्याशी आहे. असा संदेश आला की नंबर ब्लॉक करा.

आणि ब्रिटनमधल्या वाचकांना एक विनंती. सात दिवसांची मुदत संपत आली म्हणून रात्री उशिरा, कधी न ऐकलेल्या संघांवर पैज लावताना स्वतःला पाहिलंत, तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि गॅमस्टॉप या, ऑनलाइन जुगारापासून स्वतःलाच बंदी घालून घेण्याच्या योजनेत नाव नोंदवा. नोंदणी मोफत आहे. ब्रिटनचा परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना ती पाळावी लागते. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं निवडता येते, आणि एकदा निवडलेली मुदत संपेपर्यंत ती रद्द करता येत नाही.