चैतन्य दगडातही आहे काय?

बदलापूरशेजारच्या अंबरनाथ येथील शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. काळ्या दगडाच्या त्या भिंतींपुढे भाविक हात जोडतो, तेव्हा चैतन्य दगडात आहे की पाहणाऱ्यात, हा प्रश्न त्याला पडत नाही. तत्त्वचिंतकांना मात्र तो शतकानुशतके पडत आला असून आता तो विज्ञानाच्या अंगणातही येऊन उभा राहिला आहे.

मराठीने या प्रश्नाला तेराव्या शतकाच्या अखेरीसच हात घातला. 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी अज्ञानाचे खंडन केले. जग हा अज्ञानातून उपजलेला भास नसून चैतन्याचाच विलास होय, ही त्यांची भूमिका. अभ्यासक तिला चिद्विलासवाद म्हणतात. पश्चिमेकडे डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये विचारले, मेंदूच्या सर्व क्रिया उलगडल्या तरी वेदना 'जाणवते' का, हे त्यातून कळेल काय? पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतील नेमकी खूण सापडेल, अशी पैज क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये त्यांच्याशी लावली. २०२३ मध्ये ते ती हरले. वस्तुमान वा विद्युत्भार यांप्रमाणे जाणीव हाही जडद्रव्याचा मूलभूत गुण असावा, असे काही विचारवंत म्हणू लागले आहेत ते या कोंडीमुळेच.

यावरून विज्ञानाने ज्ञानदेवांना दुजोरा दिला, असा जयघोष करणे घाईचे ठरेल. एक पक्ष पैज हरला म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे सिद्ध झाले, असे होत नाही. शिवाय ज्ञानदेवांचे चैतन्य एक व अखंड आहे; आधुनिकांची जाणीव कणाकणांत वाटलेली. त्या कणांची बेरीज होऊन 'मी' म्हणणारा एक माणूस कसा घडतो, हे त्यांना सांगता आलेले नाही. उलट जडवादी म्हणतो, बाजारभाव कोणा एका ग्राहकाच्या पिशवीत नसतो, तो देवघेवीतून उपजतो; जाणीवही तशीच मेंदूच्या व्यवहारातून उपजत असेल. परंतु देवघेवीचा हिशेब मांडला की भाव समजतो. मेंदूचा हिशेब मांडून दुःख समजत नाही. ताळा दोघांचाही जुळत नाही.

मग हा केवळ पंडितांचा वाद म्हणावयाचा काय? अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांना जाणीव कितपत उरली आहे, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये करावा लागला. त्या अन्नाला, आवाजाला प्रतिसाद देतात, असे त्यांची शुश्रूषा करणारे सांगत होते. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी न्यायालयाने फेटाळली. अणुरेणूंत चैतन्य आहे, या उत्तराने तो प्रश्न सुटला नसता. कारण मग ते खाटेच्या लोखंडातही मानावे लागते.

चैतन्य विश्वाच्या मुळाशी आहे की नाही, हे ठरावयास आणखी शतके लागोत. दुःख कोणाला जाणवते आहे, हे ओळखण्याचे काम मात्र तोवर थांबू शकत नाही. जो सिद्धांत त्या कामी उपयोगी पडेल, त्याचेच पारडे अखेरीस जड ठरेल.