शेजार कोणाचा, हे कोणी सांगावे?

अमेरिकेत घर विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाला प्रारंभीच एक चमत्कारिक अनुभव येतो. घराचे छप्पर केव्हा बदलले, तळघरात पाणी येते काय, वार्षिक मालमत्ता कर किती, हे सारे इस्टेट एजंट न विचारता सांगतो; परंतु ‘या भागात लोक कोणत्या प्रकारचे आहेत? आपल्याकडची किती कुटुंबे आहेत?’ असे विचारताच तो एकाएकी मौन धारण करतो. फार तर ‘जनगणनेचे आकडे सर्वांना खुले आहेत, ते आपण पाहावेत’, एवढे सांगून तो विषय बदलतो. घर घेणे म्हणजे शेजार घेणे, अशा समजुतीत वाढलेल्या आपल्या माणसाला हे उत्तर तुसडेपणाचे वाटते. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याला एवढी साधी माहितीही मिळू नये काय, असा त्याचा प्रश्न असतो. आणि वरवर पाहता तो रास्तही आहे.

या मौनाला मोठा इतिहास आहे. कोणत्या वस्तीत कोण राहते, ही माहिती एके काळी अमेरिकेत मुळीच दुर्मिळ नव्हती. उलट ती फार निगुतीने गोळा केली जात असे आणि त्या कामात सरकारच पुढे होते. महामंदीच्या काळात, १९३३ साली, गहाण घरे वाचविण्यासाठी ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. उत्तम वस्ती हिरव्या रंगात, त्याखालोखाल निळी, मग पिवळी आणि कर्जासाठी धोक्याची ती तांबडी. प्रत्येक भागासाठी जो तक्ता भरला जाई त्यात घरांचे वय आणि भाडे यांच्याबरोबरच परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण किती, निग्रो कुटुंबे किती, आणि कोणाचा ‘शिरकाव’ होत आहे, असे रकाने होते. या नकाशांमुळेच प्रत्यक्षात किती कर्जे नाकारली गेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु १९३४ साली निर्माण झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाविषयी तसा संशय उरत नाही. गृहकर्जाला हमी देताना त्याच्या नियमपुस्तिकेनेच विसंगत वंशांच्या मिश्रणापासून वस्ती सुरक्षित राखण्यास सांगितले होते आणि तसे बंधन घालणारे करार खरेदीखतात असणे हे चांगले लक्षण मानले होते. इस्टेट एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने तर १९२४ च्या आचारसंहितेत, ज्यांच्या येण्याने मालमत्तेची किंमत उतरेल अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना वस्तीत आणण्याचे निमित्त आपल्या सभासदाने कधीही होऊ नये, असे कलमच घातले होते. भेदभाव ही त्या काळी दलालाची चूक नव्हती, ते त्याचे कर्तव्य होते.

सेंट लुइस शहरातील लॅबडी अव्हेन्यूवर शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ मध्ये घर घेतले. त्या घराला १९११ चा असाच एक करार चिकटलेला होता. शेजाऱ्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४८ मध्ये न्यायालयाने निवाडा दिला की, खासगी माणसांनी असे करार खुशाल करावेत, पण ते अमलात आणण्यासाठी न्यायालये आपली सत्ता वापरणार नाहीत. नऊपैकी तीन न्यायाधीशांनी कारण न देता या सुनावणीतून अंग काढून घेतले होते. त्यांची स्वतःची घरेही अशाच करारांनी बांधलेली असावीत, असा तर्क तेव्हापासून केला जातो. याच निवाड्यात डेट्रॉइटचे एक जोडप्रकरण होते आणि त्यात कृष्णवर्णीय कुटुंबाचे वकील होते थर्गुड मार्शल. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

करार दुबळे झाले, तेव्हा दलालांच्या हाती दुसरे हत्यार आले, आणि तेही माहितीचेच. शिकागोसारख्या शहरांत एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीला पैसे देऊन तिला बाबागाडी ढकलीत गोऱ्यांच्या रस्त्यावरून फिरायला लावायचे. मग दारोदार जाऊन ‘वस्ती बदलत चालली आहे, आताच विकाल तर पैसे सुटतील’ असे पसरवायचे. घाबरलेल्या गोऱ्या कुटुंबाकडून घर पडत्या भावात घ्यायचे आणि ज्यांना बँका कर्ज देत नव्हत्या अशा कृष्णवर्णीयांना ते चढ्या भावाने, हप्त्यांच्या जाचक करारावर विकायचे. दोन्हीकडून नफा. यात सांगितलेली गोष्ट पुष्कळदा निव्वळ खोटी नसे. वस्ती खरोखरच बदलत असे. पण ती बदलत असे मुख्यतः ते सांगितले गेल्यामुळे. ज्याला लागवड करायची आहे त्याला पावसाचा अंदाज सांगितल्याने पाऊस वाढत नाही. शेजाराचा अंदाज मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडला की तो स्वतःला खरा करून घेतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली आणि त्यानंतर एका आठवड्याने, ११ एप्रिलला, अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’वर सही केली. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र यांवरून घर नाकारणे बेकायदा ठरले. स्त्रीपुरुष हा आधार १९७४ मध्ये, तर अपंगत्व आणि लहान मुले असणे हे आधार १९८८ मध्ये वाढविण्यात आले. त्या बाबागाडीच्या धंद्यासाठी कायद्यात स्वतंत्र पोटकलम आहे. गिऱ्हाइकाचा वर्ण पाहून त्याला ठरावीक वस्तीकडेच वळविण्याला तिकडे ‘स्टीअरिंग’ म्हणतात. न्यायालयांनी तेही याच कायद्याखाली आणले. दलालाच्या मौनाचा उगम हा आहे. ज्या संघटनेने १९२४ चे ते कलम केले होते, तिचीच आजची आचारसंहिता सांगते की, घराच्या व्यवहारात असताना सभासदाने वस्तीच्या वांशिक, धार्मिक वा जातीय घडणीची माहिती आपण होऊन देऊ नये.

मग सत्य दडपणे हाच न्यायाचा मार्ग झाला काय? या प्रश्नाला विलिंगबरो या न्यू जर्सीमधील गावाने फार बोधप्रद उत्तर मिळवून दिले. हे गाव लेव्हिट या प्रसिद्ध बांधकाम व्यावसायिकाने वसविलेले. प्रारंभी तेथे कृष्णवर्णीयांना घर विकण्यास त्याने नकार दिला होता आणि राज्याच्या न्यायालयाने त्याला नमविले. १९७० पर्यंत गावात गौरेतर लोक पाच हजारांवर, म्हणजे ११.७ टक्के झाले. १९७३ मध्ये १८.२ टक्के. गोरी कुटुंबे घाबरून गाव सोडतील, ही धास्ती पंचायतीला वाटू लागली. हेतू चांगला होता. गाव मिश्र राहावे असेच तिला वाटत होते. म्हणून १९७४ मध्ये तिने घरांपुढे ‘विकणे आहे’ अशी पाटी लावण्यासच बंदी केली. पाट्या दिसल्या नाहीत की भीती पसरणार नाही, असा तो हिशेब होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये बंदी रद्द झाली. निकालपत्र लिहिले थर्गुड मार्शल यांनी, म्हणजे ज्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी त्याच न्यायालयात वांशिक करारांविरुद्ध वकिली केली होती त्यांनीच. कुटुंबाने कोठे राहावे यासारख्या महत्त्वाच्या निर्णयाची खरी माहिती, लोक तिचा वाईट उपयोग करतील या भयापोटी सरकारला रोखून धरता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. शिवाय पळापळ खरोखर चालू आहे असे पुराव्यावरून सिद्धही झालेले नव्हते. मला हा निकाल त्या न्यायालयाच्या मोठ्या निकालांपैकी वाटतो, कारण येथे न्यायाधीश आपल्याच बाजूच्या लोकांना आवर घालीत आहेत.

दुसरा निकाल १९८२ चा, व्हर्जिनियातील रिचमंड भागातला. एका गृहसंकुलात एक कृष्णवर्णीय आणि एक गोरी व्यक्ती भाड्याची जागा मागायला पाठविण्यात आली. दोघांनाही खरोखर जागा नको होती. ती चाचणी होती. कृष्णवर्णीय स्त्रीला ‘जागा नाही’ असे वारंवार सांगण्यात आले, गोऱ्याला ‘आहे’. न्यायालय म्हणाले की, जागा शिल्लक आहे काय, याचे खरे उत्तर मिळणे हा कायद्याने प्रत्येकाला दिलेला हक्क आहे. खोटे ऐकण्याच्या तयारीनेच गेलेल्या माणसाचाही तो हक्क मोडतो. गंमत अशी की, गोऱ्या परीक्षकाला या कलमाखाली काहीच मागता येईना, कारण त्याला खरे सांगण्यात आले होते.

हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे त्या मौनी दलालाचे कोडे उलगडते. कायद्याने माहिती कुलूपबंद केलेली नाही. जनगणना खात्याचे आकडे सरासरी चार हजार वस्तीच्या एकेका विभागापर्यंत कोणालाही पाहता येतात, आणि खरेदीदाराने ते पाहून काय ठरवावे यात कायदा पडत नाही. त्याने बांधले आहे ते ज्याचा नफा व्यवहारात गुंतलेला आहे त्याला. तीच संख्या तक्त्यात असते तेव्हा ती माहिती असते. दलालाच्या ओठांवर येते तेव्हा ती सल्ला होते. आणि ज्या माहितीवर सर्वांचा सारखा हक्क आहे, म्हणजे कोणते घर रिकामे आहे आणि किती किमतीला, ती त्याने सर्वांना सारखी दिलीच पाहिजे.

अर्थात जीभ आवरली म्हणजे मन आवरते असे नाही. ‘न्यूजडे’ या लाँग आयलंडच्या दैनिकाने तीन वर्षे खपून, ९३ एजंटांकडे निरनिराळ्या वर्णांचे परीक्षक जोडीजोडीने पाठविले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. कृष्णवर्णीय परीक्षकांना ४९ टक्के चाचण्यांत, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आशियाई वंशाच्या परीक्षकांना १९ टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाल्याचा पुरावा आढळला. वंशाचे नाव घ्यावेच लागत नाही. एकाला एका गावातील घरांची यादी द्यायची, दुसऱ्याला दुसऱ्या गावातील. एकाला कर्जमंजुरीचे पत्र आधी मागायचे, दुसऱ्याला मागायचे नाही. ‘तिथल्या शाळा चांगल्या आहेत’ हे वाक्य तर इतके निरुपद्रवी आहे की त्याला कोण दोष देणार? पण शाळेचा खर्च ज्या देशात मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करावर चालतो, तेथे शाळेचे गुणांक हा त्या वस्तीच्या मिळकतीचा आणि पुष्कळदा वर्णाचाही दुसरा तक्ता असतो. आमचे मराठी बांधव घर घेताना हा तक्ता प्रथम पाहतात. मुलांच्या शिक्षणासाठी ते पाहतात, यात शंका नाही. तरी आपण नेमके काय वाचीत आहोत, याची जाणीव असावी.

आपल्या लोकांजवळ राहावे ही इच्छा काही गुन्हा नव्हे. एडिसनसारख्या गावी वाणसामानाचे दुकान, देऊळ आणि गणेशोत्सव एका हाकेच्या अंतरावर असावेत, असे कोणाला वाटणार नाही? मात्र आपण या कथेत नेहमीच खरेदीदाराच्या सुखद बाजूला नव्हतो. पेशावरहून १९१५ साली अमेरिकेत गेलेले वैष्णोदास बगाई यांनी बर्कली येथे घर घेतले, तेव्हा ते सामान घेऊन पोचले त्या वेळी शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून त्यांना आत जाऊ दिले नाही. पुढे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात भारतीय हे ‘गोरे’ नव्हेत, म्हणून नागरिकत्वास अपात्र, असे ठरविले. बगाईंचे नागरिकत्व गेले, मालमत्ता गेली आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगाई यांचे नाव आज त्याच बर्कलीतील एका रस्त्याला आहे.

आणि मायदेशी? येथे दलाल मौन पाळीत नाही. येथे प्रश्नच उलट दिशेने येतो: आडनाव काय, गाव कोणते, घरात मांसाहार चालतो का? अमेरिकेत शाळेचे गुणांक जे काम करतात ते आपल्याकडे आडनाव अधिक अचूकपणे करते. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते मर्यादित ठेवावे काय, हा प्रश्न अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १५ एप्रिल २००५ रोजी न्यायालयाने संघटनेच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन संस्थेचा पोटनियम वैध ठरविला. संख्येने ओसरत चाललेल्या समाजाची चिंता समजू शकते; पण तोच युक्तिवाद बहुसंख्याकांच्या संस्थेच्या हाती पडतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा होतो.

डॉ. आंबेडकर १९१७ साली कोलंबिया येथील शिक्षण आटोपून आणि लंडन येथील अर्धवट सोडून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ज्या दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला, त्यांनीही टाळले. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते पुढे अध्यक्ष झाले, त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. भाड्याच्या वा विकतच्या घराचा नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्यात निवासातील भेदभावाला मनाई आली. परंतु जात आणि धर्म पाहून ‘जागा गेली’ असे ज्याला सांगितले जाते, त्याला ती खरोखर गेली काय, हे विचारण्याचा हक्क देणारा स्वतंत्र गृहनिवास कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.